दारचा कुत्रा आणि उसातील बिबट्या



गेल्या हिवाळ्यात जुन्नर तालुक्यातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. चौथीतील एक मुलगा तीन दिवस गैरहजर होता, म्हणून गुरुजींसह त्याच्या वस्तीवर गेलो. अंगणात खुंट होता, साखळी होती, कुत्रा नव्हता. बिबट्याने रात्री त्याचा मोत्या नेला होता. मुलगा एवढेच म्हणाला, "साहेब, मीच त्याला बांधला होता." ह्यावर काय बोलावे, ते मला सुचले नाही.

जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर ह्या तालुक्यांत बिबट्या हा वाट चुकून आलेला पाहुणा राहिलेला नाही. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्यास दाट आडोसा मिळाला. मादी उसातच पिलांना जन्म देते. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा बिबट्याच्या भक्ष्यात, वजनाने, ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आढळला. त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. आपण ज्यास राखणदार समजतो, तो बिबट्याचे मुख्य अन्न आहे.

"पकडून दूर सोडा," असे ग्रामस्थ म्हणतात. २००१ पासून पुढे काही वर्षे जुन्नर भागात तसे करूनही पाहिले. परंतु त्या काळात माणसांवरील हल्ले उलट वाढल्याचे आढळून आले. म्हणून सुरक्षिततेचा आरंभ आपल्या अंगणापासून करावयास हवा.

मुलांना पुढील गोष्टी अवश्य सांगाव्यात. दिवेलागणीनंतर कुत्रा व शेळ्या दार आणि छप्पर असलेल्या बंदिस्त जागेत घ्याव्यात. नुसते काट्याचे कुंपण पुरत नाही. रात्री कुत्रा भुंकला, तर मुलाने एकट्याने कदापि बाहेर जाऊ नये. उष्टेखरकटे व मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नयेत. त्यांवर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ऊसतोडीत पिले दिसल्यास त्यांना हात न लावता दूर व्हावे व वनविभागास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. मादी जवळपास असते.

त्या शाळेच्या गुरुजींनी पुढच्या शनिवारी दिवसाउजेडी मुलांना बरोबर घेऊन वस्तीवरील गोठे पाहिले आणि ज्यांना दारे नव्हती त्यांची नोंद पालकसभेत वाचून दाखविली. नोंद त्याच मुलाने लिहिली होती. आपणही ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपापल्या शाळेत हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. दार बसविण्यास खर्च थोडा येतो. पण ते वेळेवर बसले पाहिजे.