मागच्या सीटवरून पाहिलेली छोटी गाडी

अमावास्येला निपाणीहून आदमापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. संत बाळूमामांच्या दर्शनाला निघालेल्या या गाड्यांत बहुतेक सगळ्या छोट्या. पुढे कमावता मुलगा आणि शेजारी वडील. मागे आई, आजी, सून आणि सुनेच्या मांडीवर पोर. शोरूममध्ये ज्यांनी स्टिअरिंग धरून पाहिलं, ॲव्हरेज विचारलं, रंग ठरवला, ते पुढे बसतात. ज्यांना कुणी काही विचारलंच नाही, त्या मागे.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात एकच गाडी घरची सगळी कामं उरकते. बेळगावच्या केएलई हॉस्पिटलला पेशंट न्यायचा तीच, कोल्हापूरला लग्नाच्या खरेदीला तीच, चोर्ला घाटातून गोव्यालाही तीच. म्हणून इथं छोट्या गाडीची पारख मागच्या सीटवरून व्हायला हवी.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली. 1986 नंतरच्या 800 ची लांबी 3335 मिलीमीटर, म्हणजे जेमतेम अकरा फूट. इंजिन पुढे आडवं बसवलेलं, त्यामुळे बॉनेट आखूड. ही आडव्या इंजिनाची युक्ती जगभर गाजवली ती 1959 च्या ब्रिटिश मिनीनं. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्यानं दहा फुटांच्या गाडीत चार माणसं नीट बसवून दाखवली. तरीही 800 मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते 2175 मिलीमीटरच होतं. माणसांची बैठक मुख्यतः याच अंतरात बसवावी लागते. पुढचा उंच असला, की मागच्याचे गुडघे त्याच्या पाठीला लागलेच.

आता गंमत पाहा. त्याच कंपनीची ओम्नी 3370 मिलीमीटर लांब होती, 800 पेक्षा फक्त दीड इंच जास्त. इंजिनही तेच, 796 सीसीचं. पण ते पुढच्या सीटखाली सरकवलं आणि बॉनेटची जागा माणसांना मिळाली. तेवढ्याच लांबीत आठ सीटांची गाडी झाली. प्रवासी वाहतूक करणाऱ्या वडापवाल्यांना तिचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागलं नाही. या जागेची किंमत मात्र पुढच्यांनी मोजली: बुडाखाली तापलेलं इंजिन आणि गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज जवळजवळ काहीच नाही. जागा कुठून काढली, हेही विचारायला हवं.

छोट्या गाडीचा प्रश्न निपाणीच्या शेजारी, इचलकरंजीत, एका माणसानं फार आधी हाती घेतला होता. शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिमतीवर ‘मीरा’ नावाची छोटी गाडी घडवायला घेतली. 1949 मधला पहिला नमुना दोन सीटांचा होता. पुढं त्यांनी सुधारत सुधारत आणखी नमुने बनवले. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. मीराचं कारखान्यात उत्पादन कधी सुरू झालं नाही, पण या भागानं तिचं नाव विसरू नये.

टाटांची नॅनो 2009 मध्ये आली. तिच्या कारखान्याला पश्चिम बंगालमधलं सिंगूर सोडावं लागलं तेव्हा कर्नाटकानं धारवाडची जागा पुढे केली होती; प्रकल्प गेला गुजरातेत साणंदला. ही गाडी 800 पेक्षा सव्वानऊ इंचांनी आखूड, पण व्हीलबेस दोन इंचांनी जास्त. इंजिन मागे, चाकं अगदी चार कोपऱ्यांत, छत उंच. सहा फुटी माणूस मागे निवांत बसे. सामानाचे मात्र हाल. सुरुवातीच्या गाड्यांचं मागचं दार उघडतच नव्हतं; बॅग ठेवायची तर सीट पाडूनच.

उंच छताचं मूळ जपानी कायद्यात आहे. तिथं छोट्या गाडीच्या लांबी-रुंदीवर कडक मर्यादा होती, उंचीला बरीच मोकळीक होती. म्हणून 1993 मध्ये सुझुकीनं वॅगनआर उभी वाढवली. माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसला की पाय पुढे पसरावे लागत नाहीत, आणि कमी जागेत जास्त गुडघे मावतात. 2019 ची वॅगनआर आणि तेव्हाची स्विफ्ट शेजारी उभ्या करा. वॅगनआर सात इंचांनी आखूड, पण व्हीलबेसमध्ये फरक केवळ 15 मिलीमीटर. डिकी 341 लीटरची, स्विफ्टची 268. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजीला वॅगनआरमध्ये खाली वाकून बसावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही. ती सरळ आत सरकते. पण रुंदीत स्विफ्ट साडेचार इंचांनी वरचढ. मागे तिघी बसल्या की खांद्यांना हा फरक लगेच कळतो.

गुडघ्यांपुढे जागा असूनही तासाभरात कंबर धरते, याचं कारण बहुधा मांडीत असतं. मागची बैठक आखूड असली किंवा पायाखालची फरशी उंच असली, की गुडघे वर येतात, मांडी अधांतरी राहते आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. तवंदी घाटाच्या वळणांवर आणि वंटमुरीच्या उतारावर हे अंग बोलू लागतं. माहितीपत्रकात व्हीलबेस छापतात, डिकीचे लीटर छापतात. मांडीला आधार किती, हे कुणी छापत नाही. मधल्या सीटचा तर उल्लेखच नको. तिथं गादी फुगीर, पाठ कडक, कधी डोक्याला टेकही नाही, आणि तिथं बसते घरातली सगळ्यात गप्प राहणारी व्यक्ती.

सीएनजीचं तेच. इंधन स्वस्त पडतं, पण टाकी डिकीत बसली की आदमापूरचा नारळ-भंडारा आणि गावाकडचं तांदळाचं पोतं पुन्हा मागच्यांच्या पायाशी येतं. टाटांनी 2023 मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, ती सुधारणा म्हणूनच मोलाची आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनांच्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्यांना हुरूप आला. बेळगावच्या शोरूममध्ये जाताना त्यांनी आईला आणि आजीला बरोबर न्यावं. चालवणाऱ्यानं आपली सीट आधी स्वतःच्या सवयीप्रमाणे मागे सरकवावी आणि मग आजीला तिच्या मागे बसवावं. चार बोटं गुडघा आणि पुढच्या सीटमध्ये शिरतात का, पाऊल सीटखाली जातं का, मांडी टेकते का, हे पाहावं. मग चाचणीसाठी गाडी गुळगुळीत महामार्गावर न घेता जांबोटी रस्त्याला घ्यावी, चालवायला दुसऱ्याला द्यावी, आणि पैसे भरणाऱ्यानं स्वतः मधल्या सीटवर बसावं.