आभासी वाळवंट, अचूक भूगोल



वैमानिक झाडे, घरे व रस्ते यांच्या आकारावरून उंचीचा अंदाज बांधतो. वाळवंटात अशा खुणा विरळ असल्याने हा अंदाज सहज चुकतो. म्हणूनच उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये थरचे वाळवंट साकारताना वाळूचे एकच चित्र सर्वत्र जोडणे पुरेसे नाही.

२००५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने एकाच भूभागाची दोन कोनांतून, २.५ मीटर विभेदनक्षमतेची छायाचित्रे टिपली. त्यांवरून भूपृष्ठाचा उंचसखलपणा मोजता येतो. त्या आधारावर नैर्ऋत्य वाऱ्यांनी घडविलेले वालुकागिरी, विरळ खेजडी आणि इंदिरा गांधी कालव्याकाठची हिरवी शेती यथास्थान उमटली पाहिजे. पडद्यावरील भूगोल खरा असेल, तरच तेथे तयार झालेली नजर प्रत्यक्ष उड्डाणात विश्वासार्ह ठरेल.