परमुलखांतील शिल्लक : जमीन कीं शेअर ?

पोटासाठीं गांव सोडून गेलेल्या माणसाच्या हातीं चार पैसे शिल्लक पडूं लागले, कीं ते मायदेशीं कशांत घालावे हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. वडील मंडळी म्हणतात, जमीन घे. मुंबईचा मित्र म्हणतो, शेअर घे. या दोन सल्ल्यांचा विचार परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील येलदरी हें गांव डोळ्यांपुढें ठेवून आज करावयाचा आहे. अशा गांवाकडून निघून पुण्यामुंबईवरून आखातांत किंवा अमेरिकेंत पोंचलेला मनुष्य हा आपल्या विचाराचा विषय.

जमीन कोठें जात नाहीं, असें तिच्या बाजूनें नेहमीं सांगण्यांत येतें. येलदरीच्या परिसरांत हें विधान जरा जपूनच करावें लागेल. पूर्णा नदीवरील तेथील धरण १९६८ सालीं पुरें झालें. सुमारें ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावेल एवढा तो जलाशय. त्याच्या तळाशीं कोणाचीं तरी वावरें आहेत. तीं सार्वजनिक कामासाठीं गेलीं आणि मालकाच्या हातीं मोबदल्याचे रुपये उरले. जमीन जागेवरच राहिली हें खरें, पण मालकाची राहिली नाहीं.

धरणाजवळची जमीन म्हणून दलाल जी दाखवितो, तिच्याविषयींही दूरस्थ माणसाच्या कल्पना भलत्याच असतात. येलदरीचा जलाशय हा मुख्यतः सांठ्याचा आणि विजेचा. तेथून सोडलेलें पाणी नदीनें खालच्या सिद्धेश्वर धरणांत जातें आणि कालवे निघतात ते सिद्धेश्वराहून. ज्याच्या बांधावरून निळें पाणी दिसतें, त्याच्या पिकाला तें मिळेलच असें नाहीं. दूर वसमतकडे मात्र त्याच पाण्यावर ऊंस डोलतो. नकाशा पाहून सौदा करणाऱ्यास हें कळावें कसें ? जमिनीला माणूस लागतो. पेरणी कधीं करावी, बांध कोणी कोरला, सातबाऱ्यावर पिकाची नोंद कोणाच्या नांवें पडली, हें पाहणारा कोणी तरी तेथें असावा लागतो.

हा कोणी तरी म्हणजे बहुधा घरीं राहिलेला भाऊ. खरी अडचण येथेंच सुरू होते. परदेशीं राहणाऱ्या भारतीयास येथें घर किंवा दुकानाचा गाळा विकत घेतां येतो. शेतजमीन, मळा वा फार्महाऊस घेतां येत नाहीं. वारशानें आलेलें शेत ठेवतां येतें, एवढेंच. परकीय चलनविषयक १९९९ च्या कायद्याखालील हा नियम पुष्कळांस ठाऊक नसतो. ज्यांस ठाऊक असतो ते यावर तोड काढतात, ती अशी कीं पैसा आपला आणि खरेदीखत भावाच्या नांवें. हे व्यवहार गोडीगुलाबीनें होतात, म्हणूनच ते धोक्याचे. भावाच्या एकट्याच्या नांवें घेतलेली जमीन ही एक तर भावास दिलेली देणगी असते, नाहीं तर बेनामी व्यवहार. बेनामी व्यवहारांस १९८८ च्या कायद्यानें बंदी आहे आणि २०१६ सालीं तो कायदा पुष्कळ कडक झाला. मधला मार्ग नाहीं. दहा वर्षांनीं परत आलेला मनुष्य ‘माझें शेत’ म्हणतो; दहा वर्षें ऊन आणि दुष्काळ सोसलेला भाऊही ‘माझें शेत’ म्हणतो. माझ्या मतें दुसऱ्याचें म्हणणें अधिक खरें असतें.

आतां शेअर. यांतला मोठा गुण असा कीं त्यांस राखण लागत नाहीं. १९९६ च्या कायद्यानंतर शेअरचे कागद जाऊन खात्यांतील नोंदी आल्या. मालक दुबईंत असो वा न्यूजर्सींत, त्याच्या लाभांशावर कोणी बांध कोरीत नाहीं. मुलगा आणि मुलगी यांच्यांत ते सारखे वांटतां येतात. थोडे विकून थोडे ठेवतां येतात. एकरभर शेताचे असे तुकडे पाडूं म्हटलें, तर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आड येतो.

परंतु शेअरबाजार म्हणजे सुरक्षित कोठार असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापूस महागला, मुंबईंत पैसा उसळला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तेथील शेअरबाजार कोसळून अनेक घरें बसलीं. मौज अशी कीं त्या वेळीं ज्या शेअरांचें वेड सर्वांत अधिक होतें, ते बॅकबेच्या समुद्रांतून निघावयाच्या जमिनीचेच होते ! अलीकडचें पाहावयाचें तर जानेवारी २००८ मध्यें २१,००० च्या घरांत असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरांत ९,००० च्या खालीं उतरला. ज्यास पुढच्या वर्षीं मुलीचें शिक्षण करावयाचें आहे, त्यानें त्या पैशाचे शेअर घेऊं नयेत. दहा-पंधरा वर्षें ज्या पैशास हात लावावा लागणार नाहीं, तोच येथें घालावा. तोही एकाच कंपनींत नव्हे, आणि दर महिन्यास थोडाथोडा. स्वतः निवड करण्याची सवड नसेल, तर म्युच्युअल फंडाकडे सोंपवावा.

मग गांवाचें काय ? म्हातारपणीं परतण्याचा निश्चय असेल, तर गांवठाणांत दोन खोल्यांचें घर अवश्य बांधावें. मात्र त्यास गुंतवणूक म्हणूं नये, कारण अशा खेड्यांत भाडेकरू मिळत नाहीं आणि गिऱ्हाईकही सहजीं येत नाहीं. वडिलार्जित शेत असेल, तर नवें घेण्यापेक्षां त्यांतील विहीर खोल करण्यास, ठिबक घालण्यास पैसा द्यावा. तो बुडाला असें समजूनच द्यावा. आणि पाठवितांना ही रक्कम परत मागावयाची नाहीं हें भावास स्पष्ट लिहावें. त्याआधीं स्वतःच्या पत्नीसही सांगावें, कारण पुढें हिशेब बहुधा तीच विचारते, आणि तो विचारण्याचा तिला अधिकार आहे.