जागा मैदानावर ठरावी की कागदावर?



ऑक्टोबर २०१६. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या हल शहरात हल किंग्स्टन रोव्हर्स आणि सॉल्फर्ड रेड डेव्हिल्स या रग्बी लीग संघांची गाठ पडली होती. जिंकेल तो वरच्या गटात, म्हणजे सुपर लीगमध्ये, हरेल तो खालच्या गटात. सामना संपत आला तेव्हा यजमान रोव्हर्सकडे १८-१० अशी आघाडी होती. सॉल्फर्डने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यांच्या गॅरेथ ओब्रायनने लांबून मारलेल्या एका गुणाच्या ड्रॉप गोलने १९-१८ असा निकाल लावला. रोव्हर्सची घसरण झाली आणि त्याबरोबर कितीतरी खेळाडूंचा रोजगार टांगणीला लागला. त्या सामन्याला लोक म्हणतच ‘मिलियन पाउंड गेम’.

हंगामाची अशी रचना कोणी केली, आणि पुढे ती मोडली का, हा उत्तर इंग्लंडमधला जुना वाद आहे.

रग्बी लीग हा तेरा जणांचा खेळ. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात जणांच्या रग्बी युनियनची. दोन्हींची मुळे एक, पण घरे वेगळी. हे घर फुटले ते २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात. शनिवारच्या सामन्यासाठी खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळाडूंची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, ही उत्तरेकडच्या क्लबांची मागणी दक्षिणेतल्या सधन मंडळींनी धुडकावली, म्हणून या क्लबांनी वेगळी चूल मांडली. विगन, सेंट हेलेन्स, वेकफील्ड, कॅसलफर्ड या गावांना आपला संघ किती जवळचा वाटतो, हे या इतिहासावरून कळते.

१९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाली आणि शतकभर हिवाळ्यात खेळला गेलेला हा खेळ उन्हाळ्यात आला. तेव्हापासून हंगामाच्या रचनेत सतत फेरफार होत आहेत. पहिली दोन वर्षे गुणतक्त्यात जो पहिला तोच विजेता. १९९८ पासून ओल्ड ट्रॅफर्डवर अंतिम सामना होऊ लागला. २००९ मध्ये संघ १४ झाले, बढती-घसरण बंद झाली, परवाने आले आणि बाद फेरीत तब्बल आठ संघ घेतले गेले. परिणाम असा की २०११ आणि २०१२, दोन्ही वर्षी साखळीत पाचवा आलेला लीड्स ऱ्हायनोज विजेता ठरला. आयपीएल पाहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. २०१६ मध्ये साखळीत तिसरे आलेल्या सनरायझर्स हैदराबादनेच करंडक उचलला होता. पण अर्ध्याहून अधिक संघांना बाद फेरीचे दार उघडे ठेवले, तर महिनोन्महिने चाललेल्या साखळीची किंमत किती उरते?

२०१५ मध्ये पुन्हा नवा घाट. वरच्या दोन गटांतले बारा-बारा संघ २३ फेऱ्यांनंतर आठ-आठच्या तीन गटांत विभागायचे आणि मधल्या गटाने सुपर लीगमधल्या जागांसाठी झुंजायचे. मिलियन पाउंड गेम हे याच रचनेचे अपत्य. चुरस भरपूर होती, पण पुढच्या वर्षी आपण कुठे असू हेच ठाऊक नसलेल्या क्लबाने खेळाडूंशी करार करायचे कसे? चार हंगामांत ही रचना गुंडाळली गेली.

आता आली आहे प्रतवारी. २०२२ मध्ये आयएमजी या कंपनीशी १२ वर्षांचा करार झाला आणि प्रत्येक क्लबाला २० पैकी गुण देऊन सुपर लीगमधल्या जागा त्यांवरच ठरवण्याची पद्धत आखली गेली. चाहतावर्ग, आर्थिक स्थिती, स्टेडियम, आसपासची लोकवस्ती असे निकष ठरले. मैदानावरच्या कामगिरीला गुण मिळाले ५, म्हणजे फक्त एक चतुर्थांश.

लंडन ब्रॉन्कोजने २०२३ मध्ये खालच्या गटाचा अंतिम सामना जिंकून बढती मिळवली. हंगामी प्रतवारीत त्यांचा क्रमांक २४वा होता. त्यामुळे २०२४ चा पहिला सामना खेळण्याआधीच, वर्षअखेर आपण बाहेर पडणार हे त्यांना जवळपास कळून चुकले होते. अशा संघाच्या खेळाडूंनी कशासाठी झुंजावे?

प्रतवारीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, कर्जात बुडालेला क्लब वर आला तर सगळ्यांनाच खाली ओढतो. हा मुद्दा खरा आहे. पण याच प्रतवारीतून २०२५ च्या सुपर लीगमध्ये सॉल्फर्डला जागा मिळाली होती. पैशांच्या चणचणीत त्यांना पहिल्याच सामन्यात दुबळा संघ उतरवावा लागला आणि सेंट हेलेन्सने त्यांचा ८२-० असा धुव्वा उडवला. रिकामी तिजोरी कागदावर दिसली नव्हती.

रोव्हर्सचे काय झाले? एका हंगामात ते लढून परत वर आले, आणि २०२५ मध्ये चॅलेंज कप, साखळीतले अव्वल स्थान आणि अंतिम सामना, हे तिन्ही त्यांनी जिंकले. १९८५ नंतर त्यांच्या हाती मोठा करंडक आला नव्हता.

२०२६ पासून सुपर लीगमध्ये पुन्हा १४ संघ आले आहेत. काही क्लबांचा विरोध होता, कारण दूरचित्रवाणीचा पैसा वाटून घेणारे हात वाढले. तरी बदल योग्यच आहे. १२ संघांच्या रचनेत २७ फेऱ्या भरण्यासाठी काही प्रतिस्पर्ध्यांशी तिसऱ्यांदा खेळावे लागे. कोणाच्या वाट्याला दुबळा संघ येई, कोणाच्या वाट्याला विगन. आता प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर असे २६ सामने होतात, वर मॅजिक वीकेंडची, म्हणजे सगळे संघ एकाच ठिकाणी खेळतात ती, एक फेरी. गुणतक्ता अधिक न्याय्य झाला.

राहिला प्रश्न सुपर लीगच्या दाराचा. हिशेब तपासावेत, कडक तपासावेत, आणि नापास क्लबाला रोखावेही. पण त्या तपासणीत जो उतरेल, त्याला जागा मात्र निकालांवर मिळावी. सुपर लीगच्या चालकांनी चौदापैकी किमान एक जागा दरवर्षी खालच्या गटाच्या विजेत्यासाठी मोकळी ठेवावी.