नाट्यहंगाम आणि गावाची जबाबदारी

(झाडीपट्टीतील ग्रामीण नाट्यमंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर, यंदाच्या हंगामापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



पोळा होऊन गेला आहे. बांधीतला धान निसवू लागला आहे आणि नवरात्र तोंडावर आले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे दिवस पिकाच्या काळजीचे. परंतु आपल्या झाडीपट्टीतील गावांना या दिवसांत आणखी एक काळजी असते. यंदा नाटक कोणते आणावयाचे, कोणत्या तारखेला आणावयाचे आणि वर्गणी किती बसवावयाची, याची चर्चा पारावर सुरू झालेली असते. भाऊबीजेपासून होळीपर्यंत चालणाऱ्या आपल्या नाट्यहंगामाचे भवितव्य खरे पाहता याच दिवसांत ठरते. म्हणून चार शब्द बोलण्यास हीच वेळ योग्य, असे मला वाटले. मी गावच्या शाळेत शिक्षक होतो आणि बरीच वर्षे गावच्या नाट्यमंडळाचा चिटणीस होतो. आज जे सांगणार आहे ते त्या अनुभवातून, आणि त्यातही आमच्या हातून झालेल्या चुकांतून आलेले आहे.

धानाबरोबर येणारे नाटक

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील जंगलाने वेढलेल्या, धान पिकविणाऱ्या मुलखाला आपण झाडीपट्टी म्हणतो. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवर’च्या प्रयोगापासून आरंभ करतो, आणि ५ नोव्हेंबर हा दिवस रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. तो दिवस बहुधा आपल्या हंगामाच्या प्रारंभाच्या सुमारासच येतो. परंतु आपल्या रंगभूमीचे मूळ राजवाड्यात किंवा नाट्यगृहात नाही. ते दंडारीत आहे, खडी गंमतीत आहे. दिवाळीनंतर मंडई भरावी, चार गावचे लोक जमावेत आणि गावातल्याच पुरुषांनी सोंगे घेऊन, गाऊन, नाचून रात्र जागवावी, ही येथील जुनी रीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी येथील बोलीचा आणि लोकरंगभूमीचा आयुष्यभर मागोवा घेतला, म्हणून या परंपरेची शास्त्रशुद्ध ओळख बाहेरच्या जगाला झाली.

हंगामाचा हा काळ कोणी ठरवून दिलेला नाही. तो धानाने ठरविला आहे. कापणी व मळणी झाली की कष्टकऱ्याच्या हाती चार पैसे येतात आणि कामाला थोडी उसंत मिळते. याच काळात शंकरपट भरत. बैलांच्या शर्यती पाहण्यास दूरदूरची माणसे येत. आलेला पाहुणा रात्री मुक्कामाला राहणार, तेव्हा त्याच्यासाठी करमणूक हवी, म्हणून पट तेथे नाटक ही जोडी जमून गेली. लेकी माहेरी येत, सोयरे भेटत, मांडवाच्या कडेला बसून मुलामुलींच्या सोयरिकी जुळत. नाटक हे त्या मेळ्याचे निमित्तही होते आणि शिखरही.

या जोडीची एक परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झाली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ साली कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने अटींसह अनुमती दिली आणि २०२३ साली तो कायदा वैध ठरला. मधल्या वर्षांत पट नव्हते. तरीही गावोगाव मांडव पडत राहिले. पाहुणा बैलांसाठी येतो, अशी आपली समजूत होती. तो नाटकासाठीही येतो, हे त्या वर्षांनी सिद्ध केले.

गावाचे नट आणि वडशाच्या मंडळ्या

पूर्वी नाटक गावच उभे करीत असे. शेतकरी, शिंपी, शिक्षक, गुराखी असे सर्व मिळून तालमी करीत. स्त्रीपात्रे पुरुषच वठवीत. पुढे त्यांच्यासाठी बाहेरून अभिनेत्री बोलावण्याची प्रथा पडली. मग संगीताची साथ बाहेरून येऊ लागली, पडदे आणि पोशाख भाड्याने येऊ लागले, आणि कालांतराने संपूर्ण संचच बाहेरून येऊ लागला. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र बनले. हंगामापूर्वी तेथे मंडळ्यांच्या कचेऱ्या उघडतात, आणि गावोगावचे कार्यकर्ते तेथे जाऊन तारखा ठरवितात व विसार देतात.

या बदलाला मी नावे ठेवीत नाही. त्यामुळे कलावंत, वादक, नेपथ्य व प्रकाशयोजना सांभाळणारे, लेखक अशा अनेकांना चार-पाच महिने हक्काचा रोजगार मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री हा सन्मान लाभला, तेव्हा या रंगभूमीच्या कष्टांची दखल देशाने घेतली, असे आपणा सर्वांना वाटले. परंतु या सोयीबरोबर एक धोकाही आला. पूर्वी नाटक उभे करणारे गाव आता नाटक विकत घेणारे गाव झाले. विकत घेणाऱ्याला वस्तूचा भाव ठाऊक असतो. ती कशी घडली, हे ठाऊक असण्याची गरज त्याला वाटत नाही. नाटकाच्या मध्ये रेकॉर्ड डान्स किती, एवढीच चौकशी करून विसार देणारी मंडळे मी पाहिली आहेत. आमचे मंडळही काही वर्षे त्यांतलेच होते.

वहीत नसलेले नाव

याचा परिणाम काय होतो, ते एका प्रसंगाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध बाई एस. टी.ने आमच्या गावी आल्या. त्यांनी तरुणपणी आमच्या मांडवात अनेक हंगाम कामे केली होती. वृद्ध कलावंतांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या मानधन योजनेत त्यांना अर्ज करावयाचा होता आणि त्यासाठी केलेल्या कामाचे पुरावे हवे होते. “गुरुजी, मी तुमच्या गावात काम केलं, एवढं एका कागदावर लिहून द्या,” असे त्या म्हणाल्या. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांना ओळखले. त्यांनी केलेली आई, त्यांनी गायिलेले पद, सारे त्यांना आठवत होते. मी मात्र मंडळाच्या वह्या काढून बसलो. त्या वह्यांत मांडवाचे बांबू किती, दोर किती, चहासाखर किती, हे सर्व होते. त्या बाईंचे नाव कोठेच नव्हते. “कलाकार मंडळी” अशा दोन शब्दांपुढे एक रक्कम होती. जाहिरातीचे पत्रक एकही जपलेले नव्हते. मी आठवणीवरून पत्र लिहून दिले. परंतु प्रयोगाची तारीख लिहिता आली नाही. तारीख नसलेले ते पत्र घेऊन त्या संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.

ही चूक शासनाची नव्हती, कोणत्या नाटक मंडळीचीही नव्हती. ती आमच्या गावाची होती आणि चिटणीस या नात्याने माझी होती. २०२४ पासून या योजनेचे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. ज्याच्या उतारवयात हातात काही उरले नाही, त्याला ही रक्कम किती मोलाची, हे सांगावयास नको. ती मिळण्याच्या आड आमच्या वहीतला आळस यावा, याची खंत मला आजही आहे.

या हंगामात काय करता येईल

यास्तव यंदा प्रत्येक मंडळाने काही गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट संहितेची. विसार देण्यापूर्वी नाटकाची संहिता मागवा आणि ती मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. त्या बैठकीला गावातील स्त्रियांना बोलवा, कारण मांडवात निम्म्या जागी त्याच बसणार आहेत. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे की नाही, ते पाहा. हुंडा, व्यसन, कर्ज, जमिनीचे भांडण हे आपल्या रंगभूमीचे नित्याचे विषय आहेत. ते गावाच्या जिव्हाळ्याचे आहेत म्हणूनच ते कसे मांडले आहेत, हे आधी पारखून घेणे गावाचे काम आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आपले नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. उद्घाटनाची भाषणे लांबली की पहिल्या अंकापूर्वीच लहान मुले झोपी जातात आणि शेवटचा अंक उरकावा लागतो. मी स्वतः भाषण करीत असताना हे म्हणतो आहे, हे खरे. पण उद्घाटन अर्ध्या तासात संपवा. तोच संच दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी उभा राहणार असतो. त्या माणसांना पहाटे गरम जेवण, टेकण्यास स्वच्छ जागा आणि स्त्री कलावंतांसाठी बंदिस्त रंगपट व स्वच्छतागृह देणे, हा पाहुणचाराचा किमान धर्म होय. चालकाची झोप झाल्याखेरीज गाडी सोडू नका.

तिसरी गोष्ट हिशेबाची. तिकिटाचे उत्पन्न, वर्गणी आणि खर्च यांचा हिशेब प्रयोगानंतर आठ दिवसांत गावासमोर वाचून दाखवा. शिल्लक उरली तर ती शाळेला, वाचनालयाला किंवा पुढील हंगामाला, हे गावानेच ठरवावे. तूट आली तर तीही लपवू नका. तूट लपविणारे मंडळ दोन वर्षांत मोडते, असा माझा अनुभव आहे.

चौथी गोष्ट नोंदीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक जाड वही घाला. प्रत्येक प्रयोगाची तारीख, नाटकाचे व लेखकाचे नाव, प्रत्येक नट, नटी, वादक व पडद्यामागील कामगार यांचे पूर्ण नाव व काम तीत लिहा. पत्रकाच्या दोन प्रती त्याच वहीत चिकटवा. आणि प्रयोग संपताच, पहाटे मानधन देताना, प्रत्येकाच्या हाती मंडळाच्या शिक्क्याचे एक प्रमाणपत्र द्या. याला खर्च एका कागदाचा आहे. तीस वर्षांनंतर त्याची किंमत काय होते, ते मी आपणास आत्ताच सांगितले.

पाचवी आणि शेवटची गोष्ट. हंगामात एक तरी प्रयोग गावाचा असू द्या. तो मोठा असावा असे नाही. मंडईच्या रात्री तासाभराची दंडार करा, नाहीतर शाळेतील मुलामुलींचा एखादा अंक करा. तो आपल्या झाडीबोलीत असेल तर अधिक चांगले. जो मुलगा एकदा रंगमंचावर उभा राहून घाबरला आहे, तो पुढे नटावर शिट्टी मारीत नाही. जाणकार प्रेक्षक तयार करण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

समारोप

करोनाच्या साथीत २०२० च्या मार्चात राज्यातील रंगमंच बंद झाले. त्यानंतरचे हंगाम कसे गेले, ते आपण जाणतोच. ज्या मांडवात पाय ठेवावयास जागा नसे, तेथे गवत वाढले. ज्यांनी आपणास हसविले, रडविले, ते कलावंत धानाच्या बांधीत आणि बांधकामावर मजुरीला गेले. नाटक नसलेला हिवाळा कसा असतो, हे आपण पाहिले आहे. नाटक म्हणजे आपोआप येणारा ऋतू नव्हे. गावाने हात लावला तरच ते उभे राहते, एवढा धडा त्या काळाने आपणास दिला आहे.

लवकरच आपण तारखा ठरविण्यासाठी वडशाला जाल. जाताना विसाराच्या पैशांबरोबर ती कोरी वहीही विकत घ्या, आणि यंदाच्या पहिल्या प्रयोगाच्या रात्री तिच्या पहिल्या पानावर पहिले नाव लिहा. आपला हंगाम निर्विघ्न आणि यशस्वी होवो, अशी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.