पाटी हाती देण्यापूर्वी



विजयादशमीला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटून बालकाकडून तिचे पूजन करविण्याची प्रथा आपल्याकडे आहे. दुसऱ्याच दिवसापासून मात्र अनेक घरांतील धीर सुटतो. शेजारच्या मुलाला ‘झेड’पर्यंत लिहिता येते, आपल्याला का नाही, ही चिंता तीन वर्षांच्या जिवाच्या माथी बसते. अक्षरे लवकर गिरवून घेतली की वाचन आपोआप येते, ही सुशिक्षितांतलीच दृढ समजूत आहे.

त्या वयात मनगटातील हाडेही पुरती घडलेली नसतात. शेंगा सोलणे, मणी ओवणे, कणकेचे गोळे करणे हीच तेव्हाची लेखनसाधना. पूर्वी धूळ पसरलेल्या पाटीवर बोटाने धुळाक्षरे काढवीत; कोवळ्या बोटांवर पेन्सिलीचा जुलूम नव्हता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य खेड्यातील अंगणापर्यंत नेले. मुलाच्या हालचालीतून आणि खेळातून शिक्षण, ही दृष्टी आपल्या भूमीत इतकी जुनी आहे; विस्मरण आपले.

वाचनाचा आरंभ डोळ्यांनी नव्हे, कानांनी होतो. ‘कमळ’ या शब्दात तीन ध्वनी-तुकडे आहेत हे ज्याच्या कानाला उमगले, त्याला अक्षर म्हणजे काय ते कळते. भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर पकडणारे मूल नेमके हेच शिकत असते. हा पाया नसेल तर ‘कि’ वाचताना ते अडखळते. वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर! मोठ्यांना यातील अवघडपणा जाणवतही नाही.

येथे संस्कारी घरांनीही आत्मपरीक्षण करावे. ‘शुभंकरोति’ मुखोद्गत आहे म्हणून मूल वाचू लागले, असे नव्हे. पाठांतराने उच्चार घडतो, लय कानात बसते. परंतु अर्थासाठी आजीने गोष्ट सांगावी लागते, मध्येच विचारलेल्या दहा प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

आणि हे प्रश्न मूल कोणत्या भाषेत विचारणार? २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि शक्य तेथे मातृभाषेचा आग्रह धरला. तरीही घरी अखंड बडबडणारे मूल परक्या भाषेच्या वर्गात मुके होते, आणि पालक त्याला ‘शिस्त लागली’ असे म्हणतात. संध्याकाळी त्याची वही तपासण्याआधी त्याला मांडीवर घेऊन एवढेच विचारावे: आज वर्गात तू काय बोललास?