दुभाष्याचा पत्ता



आपल्या झरी जामणी तालुक्यात मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू या भाषा कानी पडतात. तेव्हा दुभाष्याचे मोल आपल्याला निराळे सांगावयास नको. संगणकालाही दुभाष्या लागतो, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

एखाद्या शिक्षकाने गुणांची बेरीज करणारी छोटी आज्ञावली लिहिली, तर ती मुळात साधा मजकूरच असते. यंत्राला तो थेट कळत नाही. दुभाष्या प्रोग्रॅम तो समजावून देतो. मग नाव उच्चारताच आज्ञावली चालू व्हावी, तर योग्य दुभाष्याला बोलवावे कोणी?

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मली. तेथील डेनिस रिची यांनी १९८० साली सोपा तोडगा काढला: पहिल्या ओळीच्या आरंभी '#!' ही दोन चिन्हे लिहावी आणि पुढे दुभाष्याचा पत्ता द्यावा. शिवाय फाइल चालविण्याची परवानगी आधी द्यावी लागते, ते वेगळेच.

विंडोजची रीत निराळी. ती पहिली ओळ पाहत नाही. फाइलच्या नावाचे शेपूट पाहून दुभाष्या ठरविते. म्हणून एका घरची बोलकी आज्ञावली दुसऱ्या घरी मुकी होते. उलट प्रवासातही विघ्न आहेच. विंडोजमध्ये ओळीअखेर सहसा दोन अदृश्य चिन्हे असतात, युनिक्समध्ये एक. जादा चिन्ह पत्त्याला चिकटते आणि दुभाष्या सापडत नाही! पायथन भाषेने २०१२ साली विंडोजसाठी पहिली ओळ वाचणारा मदतनीस दिला. २०१६ पासून विंडोजमध्येच लिनक्सच्या आज्ञावल्या चालविण्याची सोय झाली.

पण सोय तेथे धोका. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या मिषाने एक फाइल जगभर फिरली. नावाचे खरे शेपूट विंडोज लपवीत असे, म्हणून ती साधे पत्र भासे. उघडताच ती आज्ञावली होऊन चालली, तिने फाइलींची नासधूस केली आणि आपल्या प्रती पुढे धाडल्या. वाचावयास घेतलेले पत्र हुकूम होऊन बसले!

तेव्हा आमचे सांगणे दुहेरी आहे. आपल्या आज्ञावलीत दुभाष्याचा पत्ता स्पष्ट लिहा, म्हणजे यंत्र बदलले तरी शिक्षकाची मेहनत वाया जाणार नाही. आणि परक्याची फाइल आली, तर शेपूट पाहिल्यावाचून तिला आपल्या घरात हुकूम चालवू देऊ नका.